मधुमेह, पावसाळा आणि पायाची न भरणारी जखम: मेलिऑइडोसिस

मधुमेहात पायाच्या जखमेत पू झाला, तर बहुतेक वेळा त्यामागे नेहमीचेच जंतू असतात. पण चिखल-पाण्याशी संपर्क आला असेल आणि नेहमीच्या अँटिबायोटिकने जखम भरत नसेल, तर मेलिऑइडोसिस या क्वचित आढळणाऱ्या आजाराचा विचार करावा लागतो. भारतातील त्याचा पहिला रुग्ण १९९१ मध्ये मुंबईतून नोंदवला गेला.

संसर्ग कसा होतो?

‘बर्खोल्डेरिया स्यूडोमॅलाय’ हा जंतू ओल्या मातीत व साचलेल्या पाण्यात राहतो. मुरबाड-शहापूरकडची भातलावणी असो किंवा ठाणे, कल्याण-डोंबिवलीतले तुंबलेले पाणी, तिथे तो असेलच असे नाही. पण असला तर बारीक चिरेतूनही शरीरात शिरतो. पायाची संवेदना कमी झाली असेल, तर ती चीर तुम्हाला कळतही नाही. या आजाराचे निम्मे किंवा त्याहून अधिक रुग्ण मधुमेही असतात.

लक्षणे

साधारण १ ते २१ दिवसांत, कधी बऱ्याच उशिरा, ताप, सूज किंवा गळू दिसते. हाडात, सांध्यात, यकृतात किंवा फुप्फुसातही पू होऊ शकतो. त्यामुळे हा आजार अनेकदा टीबीसारखा वाटतो.

निदान आणि उपचार

शक्यतो अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वी पू आणि रक्ताची कल्चर तपासणी करावी. चिखलात किंवा पुराच्या पाण्यात गेला होतात, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा; लॅबला संशय कळवला नाही तर हा जंतू ओळखण्यात चूक होऊ शकते.

सेफ्टाझिडीम किंवा मेरोपेनेमची इंजेक्शने किमान १० ते १४ दिवस, हाडात संसर्ग असल्यास अनेक आठवडे द्यावी लागतात. त्यानंतर साधारणपणे किमान ३ महिने को-ट्रायमॉक्साझोलच्या गोळ्या असतात. गरजेनुसार पू काढतात आणि शुगर आटोक्यात ठेवतात. बरे वाटले म्हणून गोळ्या मध्येच थांबवू नका. आजार उलटू शकतो.

ताबडतोब रुग्णालयात जा

काही तासांत सूज वर सरकली, असह्य वेदना झाल्या, जांभळे-काळे फोड आले, थंडी वाजून ताप आला किंवा रुग्ण गुंगीत गेला, तर सकाळपर्यंत थांबू नका. खाडीच्या पाण्यात किंवा मासे साफ करताना जखम झाली असेल, तर तेही सांगा. खाऱ्या पाण्यातला ‘व्हिब्रिओ व्हल्निफिकस’ हा जंतू एक-दोन दिवसांत हात-पाय आणि जीवही धोक्यात आणू शकतो.

काळजी

• अनवाणी चिखलात जाऊ नका, गमबूट वापरा.
• जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नका.
• घरी आल्यावर पाय साबणाने धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करा.
• रोज तळवे पाहा. स्वतःला दिसत नसतील तर घरच्यांना पाहायला सांगा.