टर्बो पेट्रोल गाडीच्या इंजिनात कार्बन का साचतो? पेट्रोलमध्ये ओतायची बाटली तिथे का उपयोगी पडत नाही?

सकाळी गाडी सुरू केली की पहिली एक-दोन मिनिटं इंजिन थरथरतं. घाट चढताना पूर्वीचा पिकअप मिळत नाही. कधी तरी डॅशबोर्डवर चेक इंजिनचा पिवळा दिवाही लागतो. सर्व्हिस सेंटरला विचारलं तर उत्तर येतं, "कार्बन धरलाय, डीकार्बनायझेशन करून घ्या." मित्र सांगतो, "टाकीत क्लीनरची एक बाटली ओत, काम होईल."

दोन्ही सल्ल्यांमध्ये पैसे तुमचेच जाणार असतात. आणि गाडीचं इंजिन 'डायरेक्ट इंजेक्शन' प्रकारचं असेल, तर त्या बाटलीतलं औषध कार्बन साचलेल्या मुख्य जागेपर्यंत पोहोचतच नाही. असं का होतं आणि मग नेमकं काय करायचं, ते समजून घेऊया.

डायरेक्ट इंजेक्शन म्हणजे काय?

पेट्रोल इंजिनात हवा इनटेक व्हॉल्व्हमधून, म्हणजे हवा आत सोडणाऱ्या झडपेतून सिलिंडरमध्ये जाते. अनेक वर्षं प्रचलित असलेल्या पोर्ट इंजेक्शन (एमपीएफआय) इंजिनात पेट्रोलचा फवारा या झडपेच्या मागे, हवेच्या वाटेवरच उडतो. हवा आणि पेट्रोल एकत्र होऊन आत शिरतात.

डायरेक्ट इंजेक्शन (जीडीआय) इंजिनात झडपेतून फक्त हवा जाते. पेट्रोल थेट सिलिंडरच्या आत फवारलं जातं. त्यासाठी दाबही प्रचंड लागतो. पोर्ट इंजेक्शनचं काम साधारण ३ ते ५ बार दाबावर होतं, तर जीडीआयमध्ये हाच दाब १०० ते ३५० बारपर्यंत जातो. तुलनेसाठी, कारच्या टायरमधला दाब दोन-अडीच बार असतो.

फायदा असा, की पेट्रोल आतच वाफ होऊन सिलिंडर थंड ठेवतं. त्यामुळे छोट्या इंजिनातून जास्त ताकद काढता येते आणि मायलेजही सुधारतं. ही कल्पना नवी नाही. मर्सिडीज-बेंझच्या ३०० एसएल या स्पोर्ट्स कारमध्ये १९५४ साली यांत्रिक पद्धतीचं डायरेक्ट इंजेक्शन होतं. इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचं जीडीआय मित्सुबिशीने १९९६ मध्ये जपानमध्ये गॅलंट या गाडीतून आणलं.

भारतात अशा गाड्या कोणत्या?

२०१३ मध्ये आलेल्या फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआयमुळे हे तंत्रज्ञान छोट्या गाड्यांपर्यंत पोहोचलं. आज पुण्याजवळच्या चाकणमध्ये बनणाऱ्या स्कोडा कुशाक, स्लाविया, फोक्सवॅगन टायगुन आणि व्हर्टस यांची टीएसआय इंजिनं, ह्युंदाई आणि कियाची टर्बो जीडीआय, महिंद्रा थारचं २.० लिटर पेट्रोल आणि टाटा कर्व्हचं हायपेरियन ही सगळी इंजिनं डायरेक्ट इंजेक्शनची आहेत.

इथे दोन गैरसमज टाळायला हवेत. टर्बो म्हणजे जीडीआयच, असं नाही. टाटा नेक्सॉनचं १.२ लिटर टर्बो पेट्रोल इंजिन पोर्ट इंजेक्शनचं आहे. तसंच मारुतीच्या 'ड्युअलजेट' इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन इंजेक्टर असतात, पण दोन्ही झडपेच्या मागेच फवारा मारतात.

मग कार्बन येतो कुठून?

झडपेवर साचणारी काजळी प्रामुख्याने पेट्रोलची नसते, इंजिन ऑइलची असते.

इंजिन चालू असताना पिस्टनच्या कडेने थोडे वायू खाली ऑइलच्या भागात झिरपतात. तिथे त्यांच्यात ऑइलची वाफ मिसळते. ही वाफ बाहेर सोडली तर प्रदूषण होतं, म्हणून पीसीव्ही नावाच्या व्यवस्थेतून ती पुन्हा हवेच्या वाटेने इंजिनात पाठवली जाते. झडपेच्या दांड्यावरच्या सीलमधूनही थोडं ऑइल उतरतं. काही इंजिनांत जळालेल्या वायूचा भागही मुद्दाम हवेत परत मिसळला जातो.

स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन आठवा. रोजच्या फोडणीची वाफ त्याच्या पात्यांवर बसते आणि काही महिन्यांत चिकट काळा थर तयार होतो. तापलेल्या झडपेवर हेच होतं, फक्त इथे थर भाजून कडक होतो.

पोर्ट इंजेक्शन गाडीतही ऑइलची वाफ येतेच. पण तिथे पेट्रोलचा फवारा झडपेला सतत धुऊन काढतो आणि पेट्रोलमधली डिटर्जंट द्रव्यंही मदत करतात. जीडीआयमध्ये झडपेची ही आंघोळच बंद झाली.

लक्षणं कोणती?

थर वाढला की हवेची वाट अरुंद आणि खडबडीत होते. प्रत्येक सिलिंडरला सारखी हवा मिळत नाही. थर खूप वाढला तर झडप नीट बंद होण्यातही अडथळा येऊ शकतो. त्यातून दिसणारी लक्षणं अशी:

- थंड इंजिन सुरू करताना थरथर, आयडलिंग असमान
- पिकअप कमी होणं, जास्त आरपीएमवर दम लागल्यासारखं वाटणं
- मायलेज घटणं
- मिसफायरचे कोड: पी०३०० किंवा सिलिंडरनुसार पी०३०१, पी०३०२ वगैरे

पण हीच लक्षणं खराब स्पार्क प्लग, बिघडलेली इग्निशन कॉइल किंवा हवेची गळती यांचीही असतात. ती तपासणी स्वस्त आणि सोपी असते, म्हणून आधी ती करावी. एका सिलिंडरची कॉइल दुसऱ्यावर लावून पाहिली आणि मिसफायरचा कोडही तिच्याबरोबर सरकला, तर दोष कॉइलचा आहे, कार्बनचा नाही.

कोणते उपाय इथे उपयोगी पडत नाहीत?

टाकीत ओतायचं क्लीनर: ते पेट्रोलबरोबर थेट सिलिंडरमध्ये जातं. इंजेक्टरची टोकं स्वच्छ ठेवायला त्याचा उपयोग होतो. झडपेच्या मागच्या बाजूला ते लागतच नाही.

महागडं प्रीमियम पेट्रोल: कारण तेच. डिटर्जंट कितीही चांगलं असलं, तरी ते झडपेला स्पर्श करत नाही.

हायड्रोजन वायूने डीकार्बनायझेशन: हा वायू जळतो तो सिलिंडरच्या आत. इनटेक झडपेची मागची बाजू त्या ज्वलनाच्या बाहेर राहते.

हायवेवर गाडी ताणून चालवणं: इंजिन नीट तापणं चांगलंच, पण भाजून कडक झालेला थर त्याने निघत नाही.

हवेच्या वाटेने मारायचा स्प्रे मात्र झडपेपर्यंत पोहोचतो. थर पातळ असेल तर थोडा फरक पडू शकतो. थर जाड असेल तर त्याचा तुकडा सुटून सिलिंडरमार्गे टर्बोकडे जाण्याचा धोका असतो. त्यामुळे गाडीच्या कंपनीची परवानगी आहे का, हे आधी पाहावं. वॉरंटी चालू असेल तर हा प्रश्न लेखी विचारलेला बरा.

मग खरा उपाय काय?

जाड थरासाठी भरवशाची पद्धत म्हणजे वॉलनट ब्लास्टिंग. यात इनटेक मॅनिफोल्ड उतरवतात. इंजिन हाताने फिरवून त्या सिलिंडरच्या झडपा पूर्ण बंद केल्या जातात. मग अक्रोडाच्या कवचाची बारीक भरड हवेच्या दाबाने झडपेवर मारतात आणि व्हॅक्युमने ओढून घेतात. अक्रोडाचं कवच कार्बन सोलण्याइतकं कठीण, पण धातूला ओरखडे न पाडण्याइतकं मऊ असतं. झडप अर्धवट उघडी राहिली तर भरड थेट सिलिंडरमध्ये जाईल, म्हणून हे काम सराईत मेकॅनिककडूनच करून घ्यावं.

ही सोय नसेल तिथे मॅनिफोल्ड उतरवून, रसायनात थर भिजवून ब्रशने हाताने साफ करतात. वेळ जास्त लागतो, पण परिणाम चांगला मिळतो.

पैसे देण्याआधी एक गोष्ट मागा: झडपेच्या मागच्या बाजूचा फोटो. छोटा कॅमेरा आत सोडून, म्हणजे बोअरस्कोपने, तो काढता येतो. स्पार्क प्लगच्या भोकातून कॅमेरा घातला तर सहसा सिलिंडरच्या आतली बाजूच दिसते. त्यामुळे फोटो हवेच्या वाटेकडून काढलेला हवा. काम झाल्यावर त्याच जागेचा दुसरा फोटो घ्या.

अमुक किलोमीटरनंतर हे करायलाच हवं, असा सर्व गाड्यांना लागू होणारा आकडा नाही. इंजिनाची रचना, ऑइल आणि वापर यांवर ते ठरतं. लक्षण नसताना प्रत्येक सर्व्हिसला डीकार्बनायझेशनचे पैसे भरायची गरज नाही.

थर कमी साचावा म्हणून काय करता येईल?

- कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं आणि मानकाचंच इंजिन ऑइल वापरा. चांगल्या सिंथेटिक ऑइलची वाफ कमी होते.
- ऑइल वेळेवर बदला. डिपस्टिकवरच्या वरच्या खुणेपेक्षा जास्त भरू देऊ नका.
- रोज दोन-तीन किलोमीटरच्याच फेऱ्या होत असतील, तर आठवड्यातून एकदा तरी इंजिन पूर्ण तापेल इतकी गाडी चालवा. थंड इंजिनात पाणी आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये मिसळत राहतं.
- ऑइल वारंवार कमी होत असेल तर पीसीव्ही व्हॉल्व्ह तपासून घ्या. बिघडलेल्या पीसीव्हीतून जास्त ऑइल हवेच्या वाटेवर येतं.
- ऑइलची वाफ अडवणारा 'कॅच कॅन' बाहेरून बसवता येतो, पण त्याने वॉरंटीवर परिणाम होऊ शकतो.

कंपन्यांनी यावर काय केलं?

काही कंपन्यांनी दोन्ही पद्धती एकत्र केल्या. टोयोटाच्या डी-४एस इंजिनात प्रत्येक सिलिंडरला एक इंजेक्टर आत आणि एक झडपेच्या मागे असतो. फोर्डनेही ३.५ लिटर इकोबूस्ट इंजिनाच्या दुसऱ्या पिढीत हीच रचना स्वीकारली. झडपेच्या मागचा इंजेक्टर अधूनमधून चालतो आणि झडप धुतली जाते. खर्च वाढत असल्याने प्रत्येक गाडीत ही सोय मिळत नाही.

म्हणून आपली गाडी कोणत्या प्रकारची आहे, हे मॅन्युअल उघडून एकदा पाहून ठेवा. गाडी जीडीआय असेल तर बाटलीवर खर्च करण्यापेक्षा तेच पैसे चांगल्या ऑइलवर खर्च करा. आणि गॅरेजमध्ये "कार्बन धरलाय" असं ऐकलं, तर बिलावर सही करण्याआधी फोटो मागा.