वारा पडला तेव्हां

इ. स. पूर्वी ५६ सालीं गॉलच्या वायव्य किनाऱ्यावर व्हेनेती नांवाच्या केल्टिक दर्यावर्दी लोकांनीं सीझरच्या आरमाराला तोंड दिलें. त्यांचीं सुमारें २२० गलबतें ओकच्या भक्कम लांकडाचीं. शिडें चामड्याचीं, नांगरांच्या सांखळ्या लोखंडी. रोमन नौकांची धडक त्यांस बाधेना. उलट उंच पिछाडीवरून केल्टांचीं अस्त्रें जोरानें खालीं कोसळत. अखेर रोमनांनीं लांब काठ्यांस जडविलेल्या कोयत्यांनीं शिडांचे दोर तोडले. त्यांतच वारा पडला. केवळ शिडांवर विसंबलेलीं गलबतें जागींच खिळून राहिलीं आणि सूर्यास्तापर्यंत बहुतेक शत्रूच्या हातीं पडलीं. सीझरनें त्यांच्या सभासदांस ठार केलें, उरलेल्यांस गुलाम म्हणून विकलें. ही हकीकत आपण वाचतों ती जेत्याच्याच लेखणींतून. पराभूतांचा एकही शब्द आपल्यापर्यंत पोहोंचलेला नाहीं.