खोलीभाडे आणि विद्याव्यवहार

विद्यापीठांचे इतिहास कुलगुरूंच्या कारकिर्दींनुसार लिहिले जातात. खोलीच्या भाड्याला त्यांत क्वचितच स्थान मिळते. १९६९ साली दिल्लीत स्थापन झालेल्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. येथील वसतिगृहांना गंगा, झेलम, पेरियार, गोदावरी अशी नद्यांची नावे आहेत. प्रवेशाच्या वेळी मागास जिल्ह्यांतील उमेदवारांना अधिक गुण देण्याची प्रथा येथे दीर्घकाळ होती. पण असा विद्यार्थी टिकला तो स्वस्त खोलीमुळे. सत्रभर निबंध आणि चर्चासत्रे यांचा भार असे, म्हणून दिवस ग्रंथालयात जाई. रात्री जेवणे आटोपली की मेसमध्येच सभा भरे. वक्ता हिंदीत बोले, प्रश्न इंग्रजीत येई, शेजारची कुजबूज मल्याळममध्ये किंवा बंगालीत चाले. तौलनिक साहित्याचा हा वर्ग कोणत्याच अभ्यासक्रमात नोंदलेला नाही.

२०१९ मध्ये एकट्याच्या खोलीचे मासिक भाडे २० रुपयांवरून ६०० आणि दोघांच्या खोलीचे १० वरून ३०० करण्याचा निर्णय झाला. विद्यार्थी रस्त्यावर उतरले. नोव्हेंबरात दारिद्र्यरेषेखालील विद्यार्थ्यांसाठी वाढीव भाडे निम्मे करण्यात आले. म्हणजे एकाच खोलीतील दोघे आता वेगवेगळ्या दरांचे भाडेकरू ठरणार होते.