आदल्या दिवशीचा स्वयंपाक

मोठ्या पंगतीचा निम्मा स्वयंपाक आदल्या दिवशीच होतो. स्नेहमेळाव्यात साठ जणांसाठी लझानिया करायचा ठरला, तेव्हा ग्रुपवर लगेच प्रश्न आला, "नाशिकला येऊन इटालियन कशाला?" मी इंजिनिअरिंग शिकलेली, सॉफ्टवेअरमध्ये काम करणारी; इतिहासाची अभ्यासक नव्हे. तरी या प्रश्नाचं उत्तर मला इतिहासातच सापडलं.

लझानिया म्हणजे पिठाच्या पातळ पाऱ्या आणि त्यांच्यामध्ये सारणाचे थर. इ.स. १३०० च्या सुमाराच्या 'लिबेर दे कोक्विना' या लॅटिन पाकग्रंथात तो आहे. पीठ लाटायचं, चौकोन कापून उकडायचे, मध्ये किसलेलं चीज आणि मसाल्याची पूड घालायची. टोमॅटोचा त्यात पत्ता नाही. तो अमेरिकेतून युरोपात पोचला १६ व्या शतकात. आज आपल्या पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट लागतात, तेव्हा लाल सॉसपुरता तरी हा पदार्थ नाशिकचाच म्हणायचा!

पातळ पारीचं कौतुक आपल्याकडे त्याहून जुनं आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या १२ व्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात मंडक येतो, म्हणजे आपले मांडे. मुक्ताबाईने ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मांडे भाजल्याची आख्यायिका आपण सगळ्यांनीच लहानपणी ऐकली आहे. खानदेशाकडे आणि आपल्या जिल्ह्यातल्या मालेगाव-बागलाणात अजूनही पाहुण्यांसाठी खापरावरचे मांडे आणि आमरस होतो.

पण मांडे खापरावरून थेट ताटात यावे लागतात. पुरण आदल्या दिवशी शिजवून, वाटून ठेवता येतं, मांडा नाही. म्हणून शेवटचं पान उठेपर्यंत कुणीतरी चुलीपुढे बसून राहतं. ती बाई जेवते सगळ्यांच्या मागून, उरलंसुरलं घेऊन. आपल्या पाककलेच्या इतिहासाची ही बाजू कौतुकात झाकली जाते.

यावर तोडगेही बायकांनीच काढले. प्रवासाला पाण्याऐवजी दुधात पीठ भिजवून दशम्या केल्या. श्रावणातल्या शितळासप्तमीला चूल पेटवायचीच नाही, आदल्या दिवशीचं खायचं, असं व्रतच आलं. धर्माच्या आधाराने का होईना, त्या दिवशी चुलीला आणि बाईला सुट्टी. आणि उन्हाळ्यात वाळवण! गहू तीन दिवस भिजवायचे, वाटून चीक काढायचा, शिजवायचा, सोऱ्याने कुरडया घालायच्या आणि कडक उन्हात वाळवायच्या. गल्लीतल्या बायका आज हिच्या गच्चीवर, उद्या तिच्या. लझानियाच्या कोरड्या पट्ट्या पाहिल्या की मला कुरडईच आठवते: तोच गहू, आणि पाणी काढून टाकून टिकवण्याची तीच युक्ती.

लझानिया आमच्या सोयीचा तो याचसाठी. एका मोठ्या ट्रेमध्ये बारा तुकडे, म्हणजे साठ जणांना पाच ट्रे. सॉस आणि पालक-पनीरचं सारण आदल्या दिवशी. मोठ्या पातेल्यात सॉस तासन्‌तास कोमट राहतो आणि तिथेच तो बिघडतो. म्हणून पसरट भांड्यांत काढून गार करायचा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवायचा. सॉस जरा सैल हवा, कारण कोरड्या पट्ट्या रात्रभर तो शोषून घेतात. थर लावून, ट्रे झाकून रात्रभर फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी १८० अंशांवर तासभर, आधी झाकून, शेवटी वरचं चीज लाल होण्यापुरतं उघडं. गार ट्रेला वेळ जास्त लागतो, मधोमध सुरी घालून ती चटका बसण्याइतकी गरम निघते का ते पाहायचं. मग पंधरा मिनिटं हात लावायचा नाही. थर बसले की तुकडे नीट निघतात.

ती पंधरा मिनिटं मला सगळ्यात महत्त्वाची वाटतात. तेवढ्यात हात धुवून, साडी सारखी करून बाहेर येता येतं. शाळेत आपण मुलं-मुली एकाच रांगेत डबे उघडून बसायचो. पुढे लग्नकार्यांत आमच्यातल्या कितीतरी जणी वाढण्यात आणि आवरण्यातच राहिल्या. या वेळी थर लावायला आदल्या संध्याकाळी मुलगेही येणार आहेत, तशी नावं लिहून घेतली आहेत. पंगत एकच होईल आणि आम्हीही तिच्यातच बसू. तेव्हा मित्रांनो, जागा धरून ठेवा.