पंधरा मिनिटांची भेट

मे १९३५. अमेरिकेच्या ओहायो राज्यातील ॲक्रन हे रबराच्या कारखान्यांचे शहर. तेथील मेफ्लॉवर हॉटेलच्या दर्शनी दालनात न्यूयॉर्कहून आलेले बिल विल्सन येरझारा घालत होते. एका कंपनीचा ताबा मिळवण्याचा त्यांचा प्रयत्न फसला होता आणि खिसा जवळजवळ रिकामा होता. दालनाच्या एका टोकाला बार होता, दुसऱ्या टोकाला टेलिफोन आणि शहरातील चर्चची यादी. विल्सन यांची दारू सुटून जेमतेम पाच महिने झाले होते.

ते टेलिफोनकडे वळले. मला सावरा, असे त्यांनी कोणाला सांगितले नाही. ज्याच्याशी बोलता येईल असा एखादा दारुडा गाठून द्या, अशी विनंती केली.

ही मागणी वरवर चमत्कारिक वाटते. डिसेंबर १९३४ मध्ये रुग्णालयातून बाहेर पडल्यापासून विल्सन दारुड्यांच्या मागे लागले होते. घरी आणून त्यांना उपदेश करीत होते. त्यांतला एकही सुधारला नाही. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉ. सिल्कवर्थ यांनी तर सुनावलेच, की प्रवचन बंद करा, आधी या आजाराचे खरे स्वरूप सांगा. पण या फसलेल्या खटपटीत एक गोष्ट घडली होती. विल्सन स्वतः प्यायले नव्हते.

बऱ्याच फोनाफोनीनंतर हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंनी १२ मे रोजी डॉ. बॉब स्मिथ यांच्याशी गाठ घालून दिली. पंचावन्न वर्षांचे हे शल्यविशारद पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले आणि सहा तासांहून अधिक बसले. मद्यपानाविषयी त्यांनी कमी वाचले नव्हते. पण स्वतः त्यातून गेलेला आणि समोर बसून आपली फजिती सांगणारा माणूस त्यांना प्रथमच भेटला. शिवाय हा माणूस उपकार करायला आला नव्हता. त्याला त्यांची गरज होती.

डॉक्टर मध्ये एकदा घसरले. १० जून १९३५ नंतर मात्र त्यांनी दारू घेतली नाही, आणि हाच दिवस ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या संघटनेचा स्थापनादिन मानला जातो. लगेचच दोघांनी शहरातील रुग्णालय गाठले आणि खाटेवर पडलेला एक वकील शोधून काढला. तो तिसरा. पुढे १९३९ पासून सिस्टर इग्नेशिया यांच्या साथीने सेंट थॉमस रुग्णालयात हेच काम चालले. १९५० मध्ये निधन होईपर्यंत डॉक्टरांनी सुमारे पाच हजार मद्यासक्तांची सेवा केली, तीही मोबदला न घेता.

येथे गोष्ट संपवली असती तर ती फार गोड झाली असती. दारू सुटल्यावरही विल्सन यांना अनेक वर्षे खिन्नतेने ग्रासले होते. हजारो लोक त्यांना मानत, तरी मन थाऱ्यावर नव्हते. जानेवारी १९५८ मध्ये संघटनेच्या मासिकात त्यांनी याचे कारण स्वतःच तपासले. लोकांनी आपल्याला मान द्यावा, आधार द्यावा, अशी आपली छुपी मागणी असते आणि ती पुरी झाली नाही की मन कोसळते, असे त्यांना आढळले. परतफेडीची अपेक्षा सोडून देता येऊ लागले, तेव्हा त्यांना स्थैर्य मिळाले. या अवस्थेला त्यांनी भावनिक शुद्धीचे नाव दिले. दारूपासूनची शुद्ध त्यांना तेवीस वर्षांपूर्वीच आली होती!

१९६५ मध्ये फ्रँक रीसमन या समाजशास्त्रज्ञाने मदत करणाऱ्याला होणाऱ्या लाभाची तात्त्विक मांडणी केली. लहानांना शिकवणारी मोठी मुले स्वतः कशी शिकतात, याकडेही त्याने लक्ष वेधले. वर्गात हे कोणी पाहिले नाही? पुढे २००४ मध्ये मारिया पॅगानो आणि सहकाऱ्यांनी ‘प्रोजेक्ट मॅच’ या मोठ्या अमेरिकन अभ्यासातील नोंदी तपासल्या. इतर मद्यासक्तांना मदत करणाऱ्यांपैकी ४० टक्के लोक उपचारानंतर वर्षभर दारूपासून दूर राहिले होते. मदत न करणाऱ्यांत हे प्रमाण २२ टक्के होते. सभांना किती वेळा हजेरी लावली, हे हिशेबात धरूनही फरक उरला. अर्थात, मदतीमुळे माणूस सावरतो की सावरू लागलेलाच मदतीला धावतो, हे केवळ अशा नोंदींवरून ठरत नाही. विल्सन यांच्या बाबतीत क्रम निदान स्पष्ट आहे: ते टेलिफोनकडे गेले, तेव्हा सावरलेले नव्हते.