देठातला सांधा

तर झालं असं, की एप्रिलमध्ये गावी गेलो होतो. गाव हिंगोली जिल्ह्यात, कळमनुरी तालुक्यात. काकांनी हळदीच्या कडेला दहा गुंठे टोमॅटो लावलेला. त्यांनी ओळीत पडलेली पिवळी फुलं ओंजळभर गोळा करून माझ्यापुढे धरली. "फुलं गळायलेत बघ. तू एवढा इंजिनियर, तुमच्या कॉम्प्युटरात बघ याला काही इलाज हाय का." दुकानदार आधी म्हणाला बियाणं खराब, मग फवारणीची बाटली दिली. दोन्हीचे पैसे काकांचेच.

मी एक फूल उचलून पाहिलं. टोमॅटोच्या देठात मधोमध बोटाच्या पेरासारखा एक सांधा असतो. फूल बरोबर तिथूनच सुटलं होतं. म्हणजे ते तुटलं नव्हतं, झाडानेच सोडून दिलं होतं!

पुण्यात परत आल्यावर दोन विकांत यातच गेले. (बायकोच्या मते वाया.)

हा सांधाच नसलेलं टोमॅटोचं झाड 1930च्या दशकातच शास्त्रज्ञांच्या नोंदीत आलं होतं. एका जनुकातला बिघाड. पण त्या झाडाला एक खोड होती. दोन-चार फुलं आली की त्याच घोसातून पुन्हा पानं फुटायची. मग 1950च्या दशकात चार्ल्स रिक या कॅलिफोर्नियाच्या शास्त्रज्ञाला गॅलापॅगोस बेटांवरच्या रानटी टोमॅटोत दुसरा बिनसांध्याचा प्रकार सापडला. हा रिक भन्नाट माणूस. तिथल्या टोमॅटोचं बी काही केल्या नीट रुजेना, तेव्हा गड्याने ती फळं राक्षसी कासवांना खाऊ घातली. कासवाच्या पोटातून फिरून आलेलं बी छान उगवलं! 1961 साली त्यावर रीतसर शोधनिबंधही निघाला.

बिनसांध्याच्या टोमॅटोला भाव आला तो यंत्रामुळे. 1964च्या अखेरीस अमेरिकेने मेक्सिकोतून शेतमजूर आणायची योजना बंद केली आणि कॅलिफोर्नियात सॉसच्या टोमॅटोची तोडणी काही वर्षांतच यंत्रावर गेली. हजारो मजुरांचं काम गेलं. सांधा असला की फळासोबत देठाचा तुकडा येतो आणि ट्रकमध्ये शेजारच्या फळांत घुसतो. सांधा नसला की फळ देठाविना निघतं. थोडक्यात, ही सगळी खटपट फूल टिकावं म्हणून नव्हतीच. आमच्याकडे तोडणी बायका हाताने करतात. त्यांना सांध्यावर अंगठा दाबला की फळ सुटतं, ते सोयीचंच.

2000 साली पहिलं जनुक नेमकं सापडलं. इतर जनुकं चालू-बंद करणारा तो एक स्विच निघाला. पण माझ्यासारख्याला खरी मजा वाटली ती 2017च्या शोधात. रिकचं जनुक काही जातींत घातलं की घोसाला फांद्यांवर फांद्या फुटायच्या, फुलं ढीगभर, फळं मोजकीच. कारण त्या जातींत शेतकऱ्यांनी फार पूर्वी नकळत निवडलेला आणखी एक बदल आधीपासून होता, फुलाखालची हिरवी दलं मोठी करणारा. एकेकटे दोन्ही निरुपद्रवी, एकत्र आले की घोटाळा. दोन पॅच वेगवेगळे टेस्ट केले तर पास आणि मर्ज केले की सिस्टिम झोपते, तसंच. फक्त इथे पहिला पॅच कुणी टाकला याची लॉग फाइल नाही.

असो. काकांचा प्रश्न राहिलाच. फुलात फळ धरू लागलं की तिथून ऑक्सिन नावाचं संप्रेरक देठात उतरत राहतं आणि सांधा घट्ट राहतो. चाळिशीच्या उन्हात परागकण नासतात, फळ धरत नाही, ऑक्सिन आटतं आणि सांधा सुटतो. बाटलीतलं औषधही ऑक्सिनचाच भाऊ. त्याने फूल काही दिवस टिकेल, पण नासलेला पराग थोडाच जिवंत होणार?

हे सगळं फोनवर सांगितलं. काका थोडा वेळ गप्प.

"म्हंजी सांधा नसता, तर वाळकं फूल तिथंच लटकलं असतं?"

"हो."

"मग बी खराब नव्हतं म्हण की."

"नव्हतं. ऊन जास्त होतं."

"आता दिवाळीनंतर लावतो," काका म्हणाले. "अन् ती बाटली अर्धी उरलीय, तिचं काय करू?"