पहिला ब्रेक, शंभरावा ब्रेक

रविवारी ट्रॅक डे, सोमवारी मुलांची शाळा आणि ऑफिस, आणि दोन्हीकडे गाडी एकच. ब्रिटनमध्ये ब्रँड्स हॅचला किंवा जर्मनीत न्युर्बुर्गरिंगला आपली रोजची गाडी घेऊन जाणाऱ्यांत आता मराठी मंडळीही असतात. तुम्हालाही हा नाद लागला असेल, तर दोन-तीन फेऱ्यांनंतर पेडल मऊ पडल्याचा अनुभव आला असेल. मग कुणीतरी सांगतं की मोठ्या डिस्क आणि लाल कॅलिपर बसवून टाका. तो खर्च करण्याआधी सत्तर वर्षांपूर्वीचा इतिहास थोडा पाहून घ्या. ट्रॅकच्या ब्रेकची आणि रस्त्याच्या ब्रेकची गरज वेगळी का असते, ते त्यातून नीट कळतं.

ब्रेक गाडीचा वेग नाहीसा करत नाही, त्याची उष्णता करतो. दीड टनाची गाडी ताशी ५० किलोमीटरवरून थांबवली, तर जेमतेम तीन-चार कप चहाच्या पाण्याला उकळी येईल एवढी उष्णता तयार होते. तीच गाडी ताशी २०० वरून थांबवा. वेग चौपट झाला, पण उष्णता सोळापट होते. आता सुमारे सात लिटर पाण्याला उकळी येईल. ट्रॅकवर हे एका फेरीत अनेकदा घडतं आणि दोन वळणांच्या मध्ये ब्रेकला थंड व्हायला काही सेकंदच मिळतात.

जुन्या ड्रम ब्रेकचं घोडं इथेच अडायचं. ड्रमच्या आत लायनर बंदिस्त, उष्णतेला बाहेर पडायला वाट नाही. शिवाय ड्रम तापला की प्रसरण पावतो आणि लायनरपासून लांब सरकतो, त्यामुळे पेडल खाली खाली जातं. चारही चाकांना ड्रम असलेल्या फियाट आणि ॲम्बॅसिडरच्या काळात ‘ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा’ असं वडीलधारे बजावायचे, ते याचसाठी. खंडाळा उतरताना वेग इंजिननं धरून ठेवायचा आणि ब्रेक अडीअडचणीसाठी थंड राखायचा.

डिस्क ब्रेकची कल्पना तशी जुनी. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्येच तिचं पेटंट घेतलं होतं, पण तिला साजेसं साहित्य तेव्हा नव्हतं. पुढे विमानांच्या चाकांसाठी डनलॉप कंपनीनं डिस्क ब्रेक विकसित केले आणि तिथून ते जॅग्वारच्या हाती आले. नॉर्मन डेविस या चाचणीचालकानं त्यांच्यावर महिनोन् महिने काम केलं. डिस्क उघड्यावर असल्यामुळे वाऱ्यानं थंड होई, पण कॅलिपरमधलं ब्रेक ऑइल मात्र तापून उकळे. ऑइल उकळलं की त्यात वाफ धरते. वाफ दाबली जाते, त्यामुळे पायाचा जोर चाकापर्यंत पोचतच नाही. १९५२ मध्ये इटलीतल्या मिले मिलिया शर्यतीत स्टर्लिंग मॉस आणि डेविस डिस्क ब्रेकची सी-टाइप जॅग्वार घेऊन उतरले, पण शर्यत पुरी करू शकले नाहीत. त्याच उन्हाळ्यात फ्रान्समधल्या रांस इथे मॉसनं शर्यत जिंकली.

खरी परीक्षा झाली १९५३ च्या ल मांसला. चोवीस तासांची शर्यत. त्यात सुमारे सहा किलोमीटरचा सरळ रस्ता आणि त्याच्या टोकाला एकदम काटकोनी वळण. प्रत्येक फेरीत पूर्ण वेगावरून तिथे ब्रेक मारावा लागे. टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांच्या डिस्क ब्रेकच्या जॅग्वारनं ती शर्यत ताशी सुमारे १७० किलोमीटरच्या सरासरीनं जिंकली. ल मांसला ताशी शंभर मैलांची सरासरी ओलांडली गेली ती तेव्हा प्रथमच.

या विजयातून घेण्यासारखी गोष्ट कोणती? पहिल्या फेरीत ड्रमही चांगले लागतात. डिस्कचं वैशिष्ट्य असं, की शंभराव्यांदा दाबल्यावरही ब्रेक पहिल्यासारखाच लागे. तुमच्या गाडीलाही हाच हिशेब लागू आहे. जोरात ब्रेक दाबल्यावर एबीएस कामाला लागत असेल, तर मर्यादा टायरच्या पकडीची आहे. मोठी डिस्क बसवून त्या एका वेळी गाडी आधी थांबणार नाही. मोठी डिस्क उष्णता जास्त साठवते आणि पुढच्या वळणालाही साथ देते, एवढंच.

म्हणून सुरुवात ब्रेक ऑइलपासून करा. ते हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ ऑइल नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण पुरेसं पाणी शोषल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत घसरू शकते. जुनं ऑइल काढून चांगलं ताजं भरणं हा सगळ्यांत स्वस्त बदल आहे आणि तो सोमवारी कुठेही आड येत नाही.

पॅडचं तसं नाही. शर्यतीचे पॅड प्रचंड उष्णतेत पकड टिकवतात, पण थंड असताना नीट धरत नाहीत. १९५५ मध्ये सित्रोएन डीएसबरोबर डिस्क ब्रेक घरगुती गाडीत आले, तेव्हा शर्यतीचं तंत्र रस्त्यावर आलं खरं, पण रस्त्याची गरज बदलली नाही. जानेवारीतल्या पावसाळी सकाळी, गाडी नुकती सुरू झालेली असताना, गल्लीच्या तोंडाशी चेंडूमागे एखादं मूल धावत येतं. तिथे शंभरावा ब्रेक कामाचा नाही, पहिला लागतो. तेव्हा दोन्हीकडे चालणारे मधल्या जातीचे, रस्त्यासाठी मंजूर असलेले पॅड घ्या, किंवा ट्रॅकचे वेगळे ठेवून तिथेच बदला. फक्त पुढचे ब्रेक फार मोठे केले तर पुढच्या-मागच्या चाकांचा तोल बिघडतो आणि थांबायचं अंतर उलट वाढू शकतं. भोकं पाडलेल्या डिस्क देखण्या दिसतात, पण ट्रॅकच्या उष्णतेत त्यांना भोकांपाशी तडे जातात. केलेले बदल विमा कंपनीला कळवा. ट्रॅक डे बहुतेक साध्या पॉलिसीत धरलेला नसतो, तेही विचारून घ्या.

आणि ट्रॅकवरून घरी आलात की सोमवारची वाट न पाहता चाकाच्या आऱ्यांतून पॅडची जाडी बघा, ऑइलची पातळी बघा, पेडल दाबून बघा. पेडल आदल्या दिवसापेक्षा खोल जात असेल, तर मुलांना बसनं पाठवा.